चौतीस दात

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सायकलला चौतीस दात मागितले आणि दुकानातल्या बाकावर हशा पिकला.

"वहिनी, माणसाचं बत्तिसात भागतं," बाकावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "सायकलला वरचे दोन कशाला?"

"अक्कलदाढा असतील," शेजारचा म्हणाला.

सायकल मिस्त्रीही हसला. खरं तर त्याने हसायला नको होतं, कारण डॉक्टरीणबाई त्याची बायको होती.

"अहो, शर्यतीचा तो चढ मी वर्षभर चढतेय," ती म्हणाली. "मागे चौतीस दातांचं चक्र असलं की पाय हलका फिरतो. आणि चाकं साधी लावा. माथ्याजवळ वारा आडवा येतो."

गेल्या वर्षीच्या ट्रायथलॉनमध्ये तिचं पोहणं झालं, पण सायकलवर टेकडीच्या माथ्याशी पोचायला नऊ मिनिटं उशीर झाला. पंचांनी तिथेच थांबवलं. पळायची पाळीच आली नाही. यंदा पन्नाशी भरत होती. तिला जिंकायचं नव्हतं, एकदा पुरं करायचं होतं.

मिस्त्रीने तो चढ फोटोत पाहिला होता. फोटोत वारा नव्हता.

घरात सगळं बायकोचं चालायचं आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण दुकान म्हणजे दुकान, त्यात बाक भरलेला. त्याने भिंतीवरची उंच, भरीव काळ्या कड्यांची शर्यतीची चाकं उतरवली आणि त्यातलं एक बोटाने फिरवलं. घूं असा आवाज झाला. बाकावरच्या माना वळल्या.

"ही चाकं, आणि मागे अठ्ठावीस," तो म्हणाला. "चौतीस मी म्हाताऱ्यांना देतो. मिस्त्रीचीच बायको म्हातारीचं चक्र लावून निघाली, तर उद्या या दुकानाची पायरी कोण चढेल?"

"हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात, खायचे वेगळे. मला खायचे हवेत."

बाक पुन्हा हसला, या खेपेला मिस्त्रीला. तिथेच सगळं बिघडलं. त्याने मान वर न करता अठ्ठावीसचं चक्र बसवायला घेतलं.

ती थोडा वेळ त्याच्या हातांकडे पाहत राहिली. "तुम्ही म्हणाल तसं."

पंचवीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घराला पोपटी रंग लागला होता. तो अजून आहे.

शर्यतीच्या सकाळी मात्र त्याने चौतीसचं चक्र गुपचूप कोटाच्या खिशात टाकलं. पंधरा मिनिटांचं काम होतं. पण सायकलींच्या रांगेपाशी बाकावरची मंडळी आधीच हजर, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची चाकं दाखवण्यात दंग. चक्र खिशातच राहिलं.

माथ्यावर पंचांची छत्री दोघांनी धरून ठेवली होती, तरी ती तिसऱ्याला शोधत होती.

बायको शेवटच्या वळणावर दिसली तेव्हा चालत होती. वारा काळ्या चाकांत शिरला की सायकल हट्टी वासरासारखी ओढ घ्यायची, आणि तीही दोन पावलं आडवी जायची. पंचाने घड्याळ पाहिलं आणि तिच्याकडे पाहायचं टाळलं. एकवीस मिनिटं उशीर.

मिस्त्रीने पुढे होऊन सायकल धरली.

"वारा फार होता," तो म्हणाला.

"हो." तिने श्वास गोळा केला. "चाकं मात्र फार छान दिसतात. मला मागे टाकताना तिघांनी सांगितलं."

तिचे दात वाजत होते. त्याने कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला. टाकल्यावर त्याला खिसा आठवला.

तिने बाह्यांत हात घातले, मग खिशांत. उजवा हात आत थबकला. मग पेशंटचा जबडा तपासताना फिरतो तसा तिचा अंगठा फिरू लागला, एकेका दातावरून, घाई न करता. कापडाखाली तो सरकताना दिसत होता. मिस्त्री सायकल धरून उभा राहिला.

"आहेत सगळे," ती म्हणाली आणि कोटाची बटणं लावून घेतली.