सोनामुखीचा डबा

“रातच्याले सोनामुखी घेजो, बाई. पोट मोकळं झाल्याबिगर देवीपुढं बसू नोको.”

सासू जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण रुख्मिणीने तिचा हा शब्द कधी मोडला नाही. आधी चिमूटभर चूर्ण पुरायचं. मग चमचा लागू लागला. आता तर भरून दोन चमचे कोमट पाण्यात घेतल्याशिवाय पोट हलतच नसे.

काल रात्री डबा उघडला, तर तळाशी नुसती धूळ. म्हणून आज उन्हं अंगणात आली तरी ती तशीच ओट्यावर बसून होती. पोट मोकळं नाही, म्हणून आंघोळ नाही. आंघोळ नाही, म्हणून देवीच्या देवळात दिवा नाही. आणि दिवा लावल्याशिवाय पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा तिचा रोजचा नेम. घशाला कोरड पडली होती.

परसातल्या संडासाचं दार पुन्हा वाजलं. वैभवी भिंत धरून बाहेर आली. पहाटेपासून पोरीच्या फेऱ्या चालल्या होत्या, पण रुख्मिणी आपल्याच काळजीत होती. आता नीट पाहिलं, तर लेकीचे ओठ पांढरे पडलेले, डोळे खोल गेलेले. अंगण ओलांडता ओलांडता तिच्या पोटरीत गोळा आला आणि ती मट्‌कन खाली बसली.

“काय खाल्लं वं काल?”

वैभवीने मान खाली घातली.

“डबा तू संपवला?”

तेवढ्यात गंगू आली. गावातल्या मुलींच्या कबड्डी संघाची ती कॅप्टन. पाठीवर बॅग, हातात बूट. “चाल ना वं, सामन्याले उशीर होईन, मंगरूळची बस निंघून जाईन!” म्हणता म्हणता तिचं लक्ष वैभवीच्या चेहऱ्याकडं आणि ओट्यावरच्या रिकाम्या डब्याकडं गेलं आणि ती जागीच थांबली.

“वैभे! काल सोयाबीन मोजायच्या काट्यावर जरासं वजन जास्त भरलं, म्हून जुलाब घेतला? वजन पयून उतरवा लागते, येडे. संडासात बसून नाई.”

“वजनाच्या गटात बसली नसती ना मी,” वैभवी पुटपुटली. “तू मले काढून टाकलं असतं.”

“आता बसली ना गटात? बस मंग आता अंगणात!”

बोलली तशी, पण बूट खाली टाकून ती वैभवीजवळ बसली. तिने आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना फोन लावला, काय झालं ते सांगितलं आणि मोबाइल रुख्मिणीपुढे धरला.

“तुमच्याच डब्यातलं ना, काकू?” रुख्मिणीच्या सोनामुखीचं सिस्टरना आधीपासून ठाऊक होतं. “आधी मीठ-साखरेचं पाणी करा. चाखून पाहा, आसवांपेक्षा खारट नको. घोट घोट पाजा. चक्कर थांबली नाही, लघवी झाली नाही, तर लगेच इकडं आणा. आणि तुमचं काय? रोज घेऊन घेऊन आतडी आळशी करून ठेवली तुम्ही. सोडा ते. थोडे दिवस जड जाईल. भाजीपाला खा, पाणी भरपूर प्या, पाय मोकळे करा. आपोआप चालू लागतं पोट.”

“तिले काय समजते देवाधर्माचं,” असं रुख्मिणी एरवी म्हणाली असती. आज तिने नुसतं “हो” म्हटलं आणि चुलीकडे वळली. पाण्यात साखर घातली, मीठ घातलं, ढवळलं. चमचा ओठांना लावून पाहिला. थोडं पाणी वाढवलं, परत चाखलं. मग लेकीचं डोकं मांडीवर घेऊन एकेक घोट पाजत राहिली.

बस गेल्याचा आवाज आला. गंगूने तिकडे पाहिलंही नाही. संघातल्या पोरींना फोन करून तिने सांगितलं, “तुमी खेया. मी अथीच हावो.”

हळूहळू वैभवीच्या ओठांवर रंग आला. पोटरी सैल झाली. एकदा उठून ती परसात जाऊन आली आणि म्हणाली, “लघवी झाली.” गंगूने टाळी वाजवली. रुख्मिणीने डोळे पुसले.

वैभवी आईकडे पाहतच राहिली. “आई, तू त पेली.”

“काय पेली?”

“पाणी. चाखून पाह्यलं ना तू, दोनदा. दिवा कुठी लावला अजून?”

रुख्मिणीच्या हातातला चमचा तसाच राहिला. तिने अंगणाकडे पाहिलं. तुळशीवर ऊन होतं. गंगू बूट बॅगेत भरत होती. सगळं होतं तसंच होतं.

“मले भूक लागली,” वैभवी म्हणाली.

“देतो, पातळ भात टाकतो. पण पयले माह्या गळ्याची शपथ घे. असं जहर परत घेशीन नाई.”

“तू घेते तवा ते पुण्य, अन् म्या घेतलं त जहर काहून?”

गंगूने हसू दाबलं.

“मी नाई घेत,” वैभवी म्हणाली. “पण तू बी घेऊ नोको. आज जा देवीपुढं. अशीच.”

“अशीच?”

“हो. अशीच.”

रुख्मिणीने लेकीच्या केसांतून हात फिरवला. “बरं,” ती अगदी हळू म्हणाली.

तिने भात शिजवला, दोघींना वाढला. मग आंघोळ केली. ताटलीत तेलाची वाटी, वाती, दोन जास्वंदीची फुलं ठेवली. दाराशी येऊन चप्पल न घालताच बाहेर पाऊल टाकलं.

“आई,” आतून वैभवीने विचारलं, “पोट?”

“हाये तसंच,” रुख्मिणी म्हणाली, आणि पदर सावरून देवळाच्या वाटेला लागली.