रोस्टची वाइन

"हीच!" बाबांनी चमचा चाटला आणि डोळे मिटले. "अगदी हीच."

ऋचाचा जीव भांड्यात पडला. याआधीचे दोन रविवार वाया गेले होते. एकदा रोस्ट आंबट झाला, एकदा औषधासारखा. "छान आहे," बाबा दोन्ही वेळा म्हणाले होते, "पण हे दुसरंच काहीतरी आहे." म्हणून आज तिने वाइन आधी त्यांनाच चाखायला दिली. आज आईचा वाढदिवस होता, ती गेल्यानंतरचा पहिला. निदान आज तरी बाबांनी चार घास आवडीने खावेत, एवढंच तिला हवं होतं. एरवी ते पानात पडेल ते मुकाट्याने गिळत.

हा पॉट रोस्ट आईने खडकीच्या क्वार्टरमध्ये शेजारणीकडून उचललेला. मटणाचा अख्खा तुकडा, बटाटे, गाजरं आणि रेड वाइन. "प्यायला नाही हो, शिजवायला आणलीय," ती सासूबाईंना ठणकावून सांगायची. मग दुपारभर पातेलं मंद आचेवर आणि स्वयंपाकघराचं दार बंद. पोरांच्या डोळ्यांत वाफ जाते म्हणे! मदतीला फक्त बाबा.

बिबवेवाडीच्या या फ्लॅटमध्ये ज्यांच्यासाठी दार लावून घ्यावं असं आता कुणी नव्हतं. ऋचाने कुकरमध्ये मटण परतलं, शिट्टी शोधून ठेवली आणि बाटली तिरकी केली.

बाबांनी तिचा हात धरला. "अगं, रश्श्यात काय ओततेस?"

"मग कशात ओतू? आई किती घालायची? अर्धी?"

"थेंबही नाही. ती आमसुलं घालायची."

"आणि वाइन?"

बाबा कितीतरी महिन्यांनी हसले. "दोन खोल्यांत तुझी आजी, काका, तुम्ही पोरं. आम्हां दोघांना बसायला जागा कुठे होती? ओट्याला टेकून प्यायचो. कपातून. मटण लवकर शिजलं की तुझी आई खाटकावर चिडायची."

ऋचाने बाटली ओट्यावर ठेवली. मग तिने कुकरचं झाकण कपाटात ठेवून दिलं. मटण आईच्या जाड पातेल्यात काढलं, वर आमसुलं टाकली. फडताळातून दोन कप घेतले, भरले आणि एक बाबांच्या हातात दिला.

"कधी होईल गं?" बाबांनी विचारलं.

ऋचा ओट्याला टेकली आणि तिने गॅस आणखी बारीक केला.