पुढच्या चाकांची दांडी

तेल काळंभोर झालं होतं आणि त्यात लोखंडाचा चुरा चकाकत होता. धर्मेंद्रने तो दोन बोटांत चोळून पाहिला. मग टेबलावर उतरवून ठेवलेल्या ट्रान्सफर केसचं झाकण उघडलं. आतले दाते कुरतडल्यासारखे झाले होते.

गिअरबॉक्सची ताकद पुढच्या चाकांनाही वाटून देणारी ही पेटी. चिखल आला की ड्रायव्हरने दांडी पुढे टाकायची, चारही चाकं जोर लावतात. डांबर लागलं की दांडी मागे घ्यायची. नाही घेतली, तर प्रत्येक वळणावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि त्या भांडणाचा मार या पेटीला बसतो. या पेटीने तो महिनोन्‌महिने खाल्ला होता.

"काका, गाडी अजून कोणी चालवते का?" धर्मेंद्रने विचारलं.

गणपतराव डिझेलच्या डब्यात बोल्ट धूत बसले होते. "माह्याशिवाय कोणाचा हात नाई लागत तिले," ते म्हणाले.

उमरेडच्या कोळसा खाणीत तीस वर्षं सर्व्हेची जीप चालवलेला हा माणूस. चिखलात गाडी कशी काढायची ते धर्मेंद्रला त्यांनीच शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ही जुनी जीप घेतली आणि सुनेचं सारथ्य पत्करलं. काजल जनावरांची डॉक्टर. पावसाळ्यात मोटरसायकलही जात नाही अशा खेड्यांतून तिला बोलावणं येई, आणि सासरे तिला नेत. मुलगा पियुष नागपूरला मिहानच्या कंपनीत कामाला, घरी रविवारचा. दांडी मागे घ्यायला विसरणारं दुसरं कोणी नव्हतंच.

बदलायची केस गणपतरावांनी स्वतः आणली होती. आठ दिवस भंगारची दुकानं पालथी घालून, नंबर जुळवून. आज सकाळी उमरेड रोडवरच्या या गॅरेजमध्ये ती उतरवली आणि सांगितलं, आजच्या आज चढली पाहिजे.

चाळीस किलोचं धूड जॅकवर ठेवून दोघं जीपखाली शिरले. सत्तरीच्या माणसाने असं उताणं पडू नये, हे धर्मेंद्रने दोनदा सांगून पाहिलं. केस वर गेली, पण गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते खाचेत बसेनात. एकदा घसरली, पुन्हा घसरली. धर्मेंद्रचे दंड थरथरायला लागले. उद्या ताज्या अंगाने करू, असं तो म्हणाला. गणपतरावांनी नुसती मान हलवली आणि हात आत घालून, डोळे मिटून शाफ्ट चाचपला. थोडी फिरव, म्हणाले. अजून थोडी. आता ढकल. केस खट्‌दिशी बसली.

हाताला सगळं आठवत होतं. म्हणूनच तर धर्मेंद्रला बोलणं जड झालं. या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं, की काका, तुमचं डोकं दगा देऊन राहिलं?

गणपतराव हात धुवायला गेले तेवढ्यात त्याने ठरवून टाकलं. बोल्ट आवळले, तेल भरलं, पण दांडीपासून केसपर्यंत जाणारा रॉड जोडलाच नाही. कपाटात ठेवला. दांडी पुढे-मागे होईल, पुढची चाकं मात्र लागणार नाहीत. चिखलात फसली तर फसली, पण डांबरावर एखाद्या वळणाला गाडी हातची जाणार नाही. बाकीचं सुनेच्या कानावर घालायचं, गुपचूप.

चारच्या एसटीने काजल आलीच. सासऱ्यांनी फोन करून बोलावलं होतं. येताना लायसन्स आण म्हणाले, कशाला ते सांगितलं नव्हतं. कागदपत्रांचं काही काम असेल, असं तिला वाटलं. धर्मेंद्र तिला पंक्चरच्या टाकीपाशी बाजूला घेऊन शब्द जुळवायला लागला, तोच जीपमधून हाक आली. गणपतराव आत बसून दांडी पुढे-मागे करून पाहत होते.

"रॉड काहून नाई जोडला गा?"

काजल एकदा धर्मेंद्रकडे, एकदा सासऱ्यांकडे पाहू लागली.

"मले माहीत हाय काहून," गणपतराव शांतपणे म्हणाले. "जोड तू. मी सांगतो तिले."

धर्मेंद्र रॉड घेऊन जीपखाली गेला. वरचं सगळं त्याला ऐकू येत होतं. चार महिन्यांपासून दांडी मागे घ्यायचं ध्यानात राहत नाही, गणपतराव सांगत होते. आधी वाटलं, आवाज रस्त्याचा आहे. मग एक दिवस उमरेडच्या फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली, कारण घर कुठल्या हाताला ते उमजत नव्हतं. काजल शेजारीच होती. सासऱ्यांना, तिच्या मामाजींना, चहा हवा असेल, असं समजून ती उतरून दोन चहा घेऊन आली होती. तो चहा संपेपर्यंत त्यांना रस्ता आठवला. त्या दिवसापासून ते ही केस शोधत होते.

मामाजी, तेव्हाच का नाही सांगितलं, काजल म्हणाली. गाडी अंगणात पडून राहिली असती. या वयात गाडीखाली झोपायची काय गरज होती?

धर्मेंद्र बाहेर आला. गणपतरावांनी दांडी टाकून पाहिली. आता ती बरोबर लागत होती. ते स्टिअरिंगला धरून सावकाश खाली उतरले आणि चावी काजलच्या हातात ठेवली.

"मी बिघडवलेली गाडी तुह्या हाती कशी देऊ वं?"