खालच्यांचा पेला

इंकांच्या देवळाच्या भिंतींवरच चर्च उभं होतं. झाडलोट करणारी साटुर्निना रोज खालच्या दगडांच्या फटीत पेलाभर मक्याची दारू ओतायची.

"कुणासाठी गं, आजी?" नव्या फादर एलेउतेरियोंनी विचारलं.

"खालच्यांसाठी. तुमचं एवढं चर्च डोक्यावर घेऊन उभे आहेत बिचारे. तहान लागत नसेल?"

ती तापानं पडली, तेव्हा तिच्या समाधानासाठी फादरनीच पेला ओतला, चर्चला कुलूप लावलं आणि तिला सांगायला गेले.

"आता ते तुम्हाला पाजतील," ती म्हणाली. "आमची रीतच आहे. नाही म्हणू नका हं, फादर. कुणा चर्चवाल्यानं त्यांना आजवर कधी विचारलं नव्हतं."

फादर हसले. परत येऊन त्यांनी कुलूप काढलं.

फटीपाशी काठोकाठ भरलेला मातीचा पेला होता. फेस अजून बसायचा होता.