कवडूभाऊची पंगत

गणपतरावांनी जिलेबीची अख्खी परात उचलून कवडूच्या पत्रावळीसमोर ठेवली आणि हाक दिली, "या रे सगळे, कवडूभाऊ बसला!"

कामठीच्या त्या मंडपात नुकतंच अंकितचं लग्न लागलं होतं. अंकित कवडूचा पुतण्या आणि गणपतराव नवरीचे मामा. कवडूला त्यांनी आजच पहिल्यांदा पाहिलं होतं, पण त्याची कीर्ती फार आधीपासून ऐकली होती. लकडगंजच्या लाकूड कापायच्या आरामशिनीवरचा मुकादम. एका बैठकीला पासष्ट जिलेब्या खाणारा. त्याला पत्रिका द्यायला आलेले लोक अक्षता टाकायला ये असं म्हणत नसत, पंगतीला नक्की ये म्हणत. तो पाटावर बसला की वाढपी थांबायचे, पोरं मोजायला लागायची आणि शेवटच्या जिलेबीला टाळ्या पडायच्या. शाळेत तो कशातच पहिला आला नव्हता. घरातही थोरल्या भावाचंच नाव पुढे. पंगतीत मात्र सगळा मंडप त्याचं नाव घ्यायचा.

पण ते सगळं आठ महिन्यांपूर्वीचं. तेव्हा त्याचं वजन एकशे बेचाळीस किलो होतं. साखर आटोक्यात येत नव्हती, दहा पायऱ्या चढल्या की धाप लागायची. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन करून पोट केळ्याएवढं करून ठेवलं. पन्नास किलो उतरले. पोट खरंच गप्प झालं. वाटीभर वरणात अर्धी पोळी कुस्करली की पुरे म्हणायचं. मन काही पुरे म्हणत नव्हतं. दोनदा त्यानं बायकोपासून, मायापासून, लपवून आरामशिनीच्या मागच्या खोलीत आलुबोंडे खाल्ले होते आणि दोन्ही वेळा भुशाच्या ढिगावर ओकला होता. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी त्याला सांगितलं होतं, भूक लागली की आधी विचारायचं, ती कुठे लागली आहे. घरी येऊन तो मायाला म्हणाला होता की बाई शिकलेली आहे, पण खुळी आहे. भूक पोटाशिवाय कुठे लागते?

आता भोवती गर्दी जमली. हा माणूस काय पासष्ट खाणार, असं नवरीकडचं कोणी म्हणालं. त्यावर वराकडच्यांनीच पैज लावली, ऑपरेशन झालं तरी दहा कुठे गेल्या नाहीत. मोबाइल वर झाले. बायकांच्या पंगतीत माया उठून उभी राहिली, पण पुढे आली नाही. चार लोकांत नवऱ्याचा हात धरायचा नाही, हे तिनं घरून निघतानाच ठरवलं होतं.

कवडूनं एक जिलेबी उचलली. गरम होती, पाक बोटांवर ओघळला. आणि त्याच क्षणी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. तोंडाला पाणी आत्ता सुटलं नव्हतं. परात यायच्याही आधी, गणपतराव त्याचं नाव घेत त्याच्याकडे निघाले, तेव्हाच सुटलं होतं. हात तिथेच थांबला. खुळ्या बाईंचा प्रश्न त्यानं पहिल्यांदा मनापासून स्वतःला विचारला.

"पोट नाही मागून राहिलं, गणपतराव," तो हळू आवाजात म्हणाला. "कान मागून राहिले."

कोणाला काही कळलं नाही. कवडूनं ती जिलेबी परत ठेवली, हात धुतले आणि परात उचलून उभा राहिला. पैज मोडली तसे मोबाइल खिशात गेले. ऑपरेशननं माणूस संपवला, असं कोणीतरी त्याला ऐकू येईल इतक्या जवळून बोललं. गर्दी पांगली. उसवून आत घेतलेल्या सदऱ्यात, हातात परात घेऊन तो एकटाच उरला. मंडपात आपल्याकडे कोणीच पाहत नाही, हे त्याला नवीन होतं. वाटलं, बसावं परत आणि खावं, चार तरी.

तो बसला नाही. पंगतीच्या टोकाला एक म्हातारे आजोबा पत्रावळीवर हात आडवा धरून नको म्हणत होते. वाढपी पुढे गेला. कवडू थांबला. खाणाऱ्याचं खरं नको कोणतं आणि भिडेचं कोणतं, हे त्याच्याइतकं मंडपात कोणाला कळत होतं? त्यानं चिमट्यानं पातळशी, कुरकुरीत जिलेबी निवडली आणि मठ्ठ्यासोबत घेऊन पाहा म्हणाला. आजोबांचा हात बाजूला झाला. दोघा पोरांना त्यानं मधल्या जाड जिलेब्या दिल्या. एका बाईंची पोळी गार झालेली पाहून गरम मागवली. भात कधी आणायचा, लिंबू कुठे हवं, कोण लाजून अर्धपोटी उठतो आहे, त्याला सगळं दिसत होतं. तीस वर्षं तो पाटावर बसून हेच तर शिकला होता.

दुसऱ्या पंगतीला हाका सुरू झाल्या. कवडूभाऊ, इकडे या जी. कवडूभाऊ, आमच्या रांगेत तुम्हीच वाढा. गणपतराव स्वतः पत्रावळ पुढे सरकवून त्याची वाट पाहत बसले. तिसऱ्या पंगतीला आचारी त्याला विचारून जिलेबीचा घाणा टाकू लागला.

ऊन कललं तेव्हा पंगती उठल्या. घामानं भिजलेला कवडू खांबाला टेकून उभा होता. माया डब्यातलं वरण घेऊन त्याच्यापाशी आली.

"अजी, तुम्ही काही खाल्लं काय?"

कवडूनं आठवून पाहिलं. मग तो खांबाला धरून हसायलाच लागला. भर मंडपात, जिलेबीची परात हातात घेऊन, कवडू जेवायचं विसरला होता.