कोणाचं जुळलं

ग्रान्याच्या आईचे, ब्रीडचे, हात पिठानं भरलेले होते, म्हणून फोन ग्रान्यानंच उचलला आणि स्पीकर लावून टेबलावर ठेवला. डब्लिनहून डॉक्टर हेनेसी बोलत होत्या.

ग्रान्या एकतीस वर्षांची, तिचा भाऊ ओरन एकोणीसचा. दोघांनाही फुप्फुसांचा तोच आजार, जन्मापासूनचा. आता दोघांच्या छातीत असे जंतू बसले होते की ते कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते. एकाचे दुसऱ्याला लागू नयेत म्हणून दोन वर्षं दोघं एका खोलीत बसली नव्हती. ओरन माडीवर असायचा. जंतूंना खाणारा विषाणू कुठे मिळतो का, हे पाहायला दोघांचा कफ प्रयोगशाळेत गेला होता.

"एक विषाणू सापडलाय," डॉक्टर म्हणाल्या. "पण दोघांपैकी एकालाच लागू पडतोय."

"कोणाला?" ब्रीडनं विचारलं.

"ग्रान्याला."

ब्रीडनं हात ॲप्रनला पुसले. एकेक बोट, सावकाश.

"डॉक्टर, बाटल्यांची अदलाबदल झाली नसेल ना? आडनाव एकच आहे दोघांचं."

"नाही. तीनदा तपासलंय आम्ही."

"तरी पुन्हा एकदा बघता का?"

मग डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, "ग्रान्या तिथंच आहे का?"

"आहे मी," ग्रान्या म्हणाली. "सोमवारी येते." आणि तिनं फोन बंद केला.

आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती पुन्हा पीठ मळायला लागली.

"तसं नव्हतं म्हणायचं मला," थोड्या वेळानं ती म्हणाली. "तू निदान तिशी तरी पाहिलीस."

जिन्यावरून हाक आली. "फोन कोणाचा होता? डॉक्टरांचा?"

ओरन दोन पायऱ्या उतरला आणि तिथंच थांबला. त्यानं खाली यायचं नाही, हे ठरलेलं होतं. त्याला दम लागल्याचं खाली ऐकू येत होतं.

"जुळलं का कोणाचं? माझं?"

ग्रान्यानं तोंड उघडलं. आईनं पिठाचा हात तिच्या मनगटावर दाबून धरला.

"हो रे बाळा," आई मोठ्यानं म्हणाली. "तुझंच जुळलं."

जिन्यावर तो बराच वेळ खोकत राहिला. मग म्हणाला, "ग्रान्या, रडू नकोस हं. तुझ्यासाठीही सापडेल काहीतरी."

"नाही रडत," ग्रान्या म्हणाली.