शेवटचा अध्याय उतरल्यावर

म्हातारा सुतार साठीनंतर अक्षरं शिकला आणि रोज दिवेलागणीला बायबलमधल्या एका शुभवर्तमानाचा उतारा वहीत उतरवू लागला. हाताने लिहिलं की वचनं उमगतात, असं चर्चचे पाळक सांगत. निरक्षर बायको शेजारी बसायची. “मलाही ऐकवा की!” “मध्ये बोललीस की ओळ सुटते गं. सगळं शुभवर्तमान उतरू दे, मग ऐकवतो.” “तोवर देवच मला समोर बसवून सांगेल!” पुढेपुढे तिने विचारणं सोडलं. त्याला तो समजूतदारपणा वाटला. आज शेवटचा अध्याय संपला. त्याने तिला हाताला धरून बसवलं, ओळीवर बोट ठेवत, अडखळत पहिलं पान वाचलं. “कसं वाटलं?” ती ओशाळली. “वाचलंत होय? कान कधीचे गेलेत माझे. तुमचे ओठ बघून भागवते. वाचा परत, मान वर करून.” त्याने मान वर केली, पण वहीत न बघता एकही ओळ आठवेना.